आधी नाना बघतील

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटले? कोणीतरी एक डोळा किलकिला ठेवलाय, तोही मिटा. आता असं समजा, की मे महिना आहे, जळगाव आहे आणि भर दुपार आहे. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. डांबर पायाखाली मऊ लागतंय. अशा उन्हात एक आजोबा छत्री धरून चाललेत. डोक्याला पांढरा रुमाल बांधलाय आणि ऊन लागू नये म्हणून सदऱ्याच्या खिशात एक कांदा टाकलाय. ते कुठं निघाले असतील? दवाखान्यात? बँकेत? कोणाच्या दशक्रियेला?

नाही. ते कार्टूनचा पिक्चर बघायला निघालेत. एकटेच.

हसलात ना? हसा. ते आजोबा मात्र हसत नव्हते. चेहरा असा गंभीर होता, की जणू बोर्डाच्या पेपरांचा गठ्ठा तपासायला निघालेत.

त्यांचं नाव अभिमन नाना. नशिराबादच्या शाळेत त्यांनी जन्मभर मुलांना शिकवलं आणि आता जळगावात एका कॉलनीत राहतात. बायको, मंजुळाबाई, गेल्यापासून घरात दोनच आवाज, पंख्याचा आणि कुकरचा. त्यातही कुकर आता एकदाच शिट्टी देतो. एका माणसाच्या भाताला शिट्ट्या तरी किती लागणार?

तर झालं असं. पुण्याहून त्यांच्या मुलाचा, किरणचा, फोन आला.

"नाना, पुनमला सुट्टी लागलीय. एक नवा कार्टूनचा पिक्चर आलाय, त्याचं खूळ लागलंय तिला. म्हणते, जो मला तो पिक्चर दाखवेल, त्याच्याकडं मी सुट्टीला जाईन."

"मग पाठव की! मी दाखवतो."

"तसं नाही ना. हिची, पुनमच्या आईची, अट आहे. घरातल्या कोणा मोठ्या माणसानं आधी बघितल्याशिवाय पुनमनं बघायचा नाही. कोणी म्हणतं छान आहे, कोणी म्हणतं पोरं रात्री दचकून उठतात. आम्हाला दोघांनाही ऑफिसातून वेळ नाही. ती म्हणाली, आधी नाना बघतील. त्यांनी योग्य म्हटलं, तर पाठवू आठ दिवस. नाहीतर नाशिकला आजीकडं पोहण्याचा क्लास आहेच."

नानांनी फोन ठेवला आणि उगीचच पाहुण्यांच्या खोलीतली गादी उलटून ठेवली. पुनम दोन वर्षांत आली नव्हती. मागच्या सुट्टीत चित्रकलेचं शिबिर होतं, त्याच्या आधीच्या सुट्टीत आणखी कसलं तरी. आठ दिवस! आठ दिवसांत तिला केळीच्या बागा दाखवता येतील, चोपड्याकडून सातपुडा दाखवता येईल, दशांश अपूर्णांक पक्के करून घेता येतील. (हे शेवटचं तिला आधी सांगायचं नाही, असं नानांनी ठरवलं.)

आणि मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला.

बघा, ज्याचा नातेवाईक परीक्षेला बसलाय, त्यानं त्या केंद्रावर पर्यवेक्षण करू नये, असा नियम असतो. नानांनी तो आयुष्यभर पाळला होता. आणि इथं? पिक्चर पास झाला तर नात घरी येणार, नापास झाला तर नाशिकला जाणार. असा परीक्षक निःपक्षपाती कसा राहणार? नानांनी मंजुळाबाईंच्या फोटोकडं पाहून मोठ्यानं सांगितलं, "मी खरं तेच सांगेन. भीतीदायक असला तर भीतीदायक म्हणेन." फोटोला विश्वास वाटला की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

थिएटरच्या पोस्टरवर कोपऱ्यात लिहिलं होतं, 'यूए १३+'. झाली की अडचण. पुनमला बारा पूर्ण होऊन तेरावं लागलं होतं. आपल्याकडं वय कसं सांगतात? "तेरावं चालू आहे." मग ती तेराची की बाराची? नाना तसेच एका सरकारी कचेरीत गेले. तिथं त्यांना तीन टेबलं फिरवली. पहिल्या टेबलानं विचारलं, मुलीचा जन्मदाखला आणलाय का? दुसऱ्यानं विचारलं, तुम्ही थिएटरमालक आहात का? तिसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "काका, बंदी वगैरे काही नसते त्यात. तेराच्या आतलं मूल असेल, तर घरच्यांनी विचार करून ठरवायचं, एवढाच अर्थ."

"म्हणजे मीच ठरवायचं?"

"तुम्हीच."

भारत सरकारनंही हात झटकून निर्णय आपल्यावरच टाकलेला बघून नानांच्या पाठीचा कणा ताठ झाला. आणि ते त्या उन्हात, खिशात कांदा घेऊन निघाले.

थिएटरच्या दारात त्यांची झडती झाली. दारवान म्हणाला, "बाबा, बाहेरचे खाद्यपदार्थ आत चालत नाहीत."

"हा खाद्यपदार्थ नाही. हे औषध आहे."

"कांदा आहे हा."

"उन्हावरचं औषध."

"मग आत कशाला? आत एसी आहे."

कांदा दारवानाच्या टेबलावर, जप्त केलेल्या वेफर्सच्या पुड्यांशेजारी जाऊन बसला. नाना तिकीट खिडकीपाशी गेले. तिथं मॅनेजर प्रेमराज स्वतःच बसला होता.

"किती?"

"एक."

"मुलं किती?"

"मुलं नाहीत. मीच."

प्रेमराजनं एकदा त्यांच्याकडं, एकदा त्यांच्या मागं पाहिलं. मागं कोणीच नव्हतं. "आजोबा, शेजारच्या पडद्यावर देवाचा पिक्चर आहे."

"मला हाच बघायचाय."

"मग अडचण आहे. कमीत कमी पाच माणसं झाल्याशिवाय आम्ही शो चालवत नाही. एका माणसासाठी एवढा एसी कसा लावायचा? उद्या पाच जण घेऊन या."

आता पाच जण आणायचे कुठून? त्यातही मुलं आणली असती तर शोभलं असतं. पण मे महिन्यात जळगावच्या कॉलनीत मुलं असतात कुठं? सगळी आजोळी गेलेली. शिंपीकाम करणाऱ्या नासीरभाईंची मुलगी मंतशा अगदी तेरा वर्षांची, अगदी मापाची. नाना त्यांच्या दुकानात गेले.

"नासीरभाई, पुनमसाठी एक कार्टूनचा पिक्चर तपासायचाय, मंतशाला दोन तासांसाठी देता का?"

"अरे नाना, ती नानीकडं एरंडोलला गेली. बरं, बच्चे लोगांची पिच्चर आहे, त्यात एवढा विचार काय करायचा?"

"मला निर्णय द्यायचाय."

"मग मी येतो. दुकानात तसंही गरम इस्त्रीजवळ बसलोय. तिथं थंड आहे ना?"

अशी पहिली भरती झाली. दुसरी शेजारच्या बेबाबाईंची. त्या गच्चीवर कुरडया घालत होत्या. एवढ्या उन्हात कुठं निघालात म्हणून वरूनच ओरडल्या, "कथा चालनात, नाना, एवढा ऊनमा?"

नानांनी सगळी हकिकत सांगितली. बेबाबाईंना ती लगेच पटली. "मंग एकला काय देखतस? पोर देखाले जातस तवय पाच जन जातस. एकला मानूसनी नजर फसस." मुलगी बघायला जाताना पाच माणसं नेतात, तशी पिक्चर बघायलाही न्यावीत, हे त्यांचं म्हणणं थिएटरच्या नियमाशी इतकं तंतोतंत जुळलं, की नाना चकित झाले. बेबाबाईंनी आपल्या जावेलाही घेतलं. पाचवे आले झुलाल आबा, शाळेतले जुने ड्रिल मास्तर. ते येताना निकाल घेऊनच आले होते.

"अभिमन, सिनेमानं मुलं बिघडतात. मी न बघता सांगतो."

"न बघता नापास?"

"नोकरीभर तेच केलं. माझा निकाल कधी चुकला?"

असं ते पाच जणांचं मंडळ दुसऱ्या दिवशी दुपारी थिएटरात विराजमान झालं. पाचही जणांच्या वयांची बेरीज केली असती तर ती एखाद्या किल्ल्याच्या वयाएवढी भरली असती. पिक्चर लहान मुलांना योग्य आहे का, हे ठरवायला बसलेल्या त्या सभेत लहान मूल तेवढं एकही नव्हतं. पण आपल्याकडं मुलांविषयीच्या बहुतेक सभा अशाच असतात.

पिक्चर असा होता. एका गावचा वारा कोणीतरी चोरून नेतो. तो परत आणायला एक मुलगी ढगातल्या किल्ल्याकडं निघते. सोबत एक म्हातारा गरुड. त्याला आता उडता येत नाही, डोक्यावर पिसं उरलेली नाहीत, आणि बोलतो मात्र अखंड. मुलगी एक पाऊल टाकते तोवर तो तीन सूचना देतो.

"नाना," नासीरभाई अंधारात कुजबुजले, "हा तर बिलकुल तुम्हीच."

"गप्प बसा."

"सच्ची. तो बघा, बोट वर करून बोलतोय."

नानांनी वर गेलेलं आपलं बोट हळूच खाली घेतलं.

झुलाल आबा पडद्यावरची नावं संपायच्या आधीच झोपले. बेबाबाई आणि त्यांची जाऊ एसीच्या थंडाव्यात पदर अंगभर घेऊन इतक्या शांत झोपल्या, की नासीरभाई म्हणाले, यांना उठवणं पाप आहे, आणि स्वतःही त्या पापातून सुटण्यासाठी डोळे मिटून बसले. जागे होते एकटे नाना. चष्मा पुसून पुसून ते बघत होते. राक्षस आले. ठीक. मारामारी झाली. रक्त नाही. ठीक. मध्यंतर झालं. मग ती मुलगी एका काळ्या विहिरीत पडली, वरून सावल्यांचे हात खाली गेले, गरुड काठावरून ओरडला, आणि...

आणि पडदा तिथंच थांबला. मुलगी हवेत, गरुडाची चोच उघडी. दिवे लागले.

"सरी गया का पिच्चर?" संपला असं समजून बेबाबाई जाग्या होत म्हणाल्या.

प्रेमराज धावत आला. मशीन अडकलं होतं. मुंबईहून काहीतरी आकडा यायचा होता, तो आल्याशिवाय ते पुढं सरकत नव्हतं, आणि मुंबईत ज्याच्याकडं आकडा होता तो जेवायला गेला होता. अर्धा तास सगळे त्या उघड्या चोचीकडं बघत बसले. शेवटी प्रेमराजनं हात जोडले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, आणि शुक्रवारी पिक्चर बदलतो.

बाहेर पडल्यावर सभेनं निकाल दिला. बेबाबाई म्हणाल्या, "चांगला शे. मस्त झोप लागनी. पोर भ्यावाव नही." झुलाल आबा म्हणाले, नापास. नासीरभाई म्हणाले, पास, पण तो गरुड थोडा कमी बोलला तर बरं. किरणला हे कळवून टाका, विषय संपवा, असा सगळ्यांचा सल्ला पडला.

नानांना ते पटेना. अर्धी उत्तरपत्रिका बघून गुण द्यायचे? विहिरीत पडलेल्या मुलीचं पुढं काय होतं हे माहीत नसताना, आपल्या पुनमला त्या विहिरीपाशी नेऊन बसवायचं? रात्रभर त्यांना ती मुलगी हवेत लटकलेली दिसत राहिली. (पोरं दचकून उठतात, असं किरण म्हणाला होता. मोठ्यांचं कोणी काही म्हणालं नव्हतं.) सकाळी चौकशी केली तेव्हा कळलं, धुळ्यात पिक्चर अजून चालू आहे, आणखी आठवडाभर राहील.

"चला, धुळ्याला जाऊ," नाना म्हणाले.

बेबाबाईंच्या कुरडया वाळायच्या होत्या. नासीरभाईंकडं लग्नाचे कपडे आले होते. झुलाल आबांचा निकाल तर आधीच लागला होता. एसटीत नाना एकटेच बसले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता. शेजारची जागा रिकामी होती, तिच्यावर त्यांनी आपली पिशवी ठेवली. कोणी आलं तर उचलू म्हणाले. कोणी आलं नाही.

धुळ्यात रविवारची दुपार. इथं पाच माणसांचा प्रश्नच नव्हता, थिएटर मुलांनी फुलून गेलं होतं. कागदी टोप्या घातलेली, फुगे धरलेली, एकमेकांच्या अंगावर पॉपकॉर्न उडवणारी मुलं! इतक्या मुलांचा गलबला नानांनी शाळा सोडल्यापासून ऐकला नव्हता. त्यांना वाटलं, आत्ता उठावं आणि हजेरी घ्यावी. त्यांची जागा बरोबर मधोमध होती. डाव्या हाताला एक दहा-अकरा वर्षांची मुलगी, तिच्या पलीकडं तिची आई.

"काय गं, कितवीत?" नानांनी विचारलं.

"पाचवीत."

"सतराचा पाढा येतो?"

मुलीनं आईकडं पाहिलं. आई पुढं वाकली. "काका, तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"म्हणजे नातवंडं वगैरे..."

"पुण्याला असतात."

"मग तुम्ही इथं?"

नानांनी खरं ते सांगितलं. "हा पिक्चर लहान मुलांना योग्य आहे की नाही, ते तपासायला आलोय. जळगावहून."

मुलांनो, खरं बोलावं, हे मी तुम्हाला नेहमी सांगतो. पण काही खऱ्या गोष्टी ऐकायला खोट्यापेक्षा वाईट लागतात, हेही तुम्हाला कधीतरी कळेल. त्या बाईंनी मुलीला उठवलं, स्वतःच्या पलीकडं बसवलं, आणि आपल्या व नानांच्या मध्ये पर्स ठेवली. थोड्या वेळानं बॅटरी घेतलेला एक पोरगेला कर्मचारी आला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "आजोबा, मागं बसता का? तिथं एसी जास्त चांगला लागतो."

नानांचा कान तापला. चाळीस पालकसभा घेतलेला माणूस तो! पण त्या पालकसभांत ते स्वतःच काय सांगायचे? अनोळखी माणसाजवळ मुलांना बसू देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. बाईंनी धडा बरोबर गिरवला होता. मास्तरांनी त्यावर रागवायचं कसं? ते उठले, पिशवी घेतली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले. त्या रांगेत ते एकटेच होते. एसी खरंच चांगला लागत होता. थोडा जास्तच.

या वेळी पडदा थांबला नाही. मुलगी विहिरीतून बाहेर आली, आणि ती भीतीची जागा इतकी सुरेख होती, की समोरची सगळी मुलं आधी किंचाळली आणि मग हसली. वारा सुटला. मुलगी घरी निघाली. शेवटी ढगांचा एक पूल होता. गरुडाचं ओझं त्या पुलाला पेलणार नव्हतं. तो अलीकडं राहिला. पलीकडून सगळं गाव ढोल वाजवत आलं, मुलीला खांद्यावर घेतलं. इकडं गरुड पंख हलवत उभा. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काही सूचना सुचली नाही. मुलगी गर्दीत दिसेनाशी झाली. तिनं मागं वळून पाहिलंच नाही.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. टोप्या उडाल्या. शेवटच्या रांगेत नानांनी चष्मा काढला आणि दिवे लागायच्या आत रुमालानं नीट पुसला. चष्मा पुसला, असंच म्हणू या.

धुळ्याच्या बसस्टँडवर बाकड्यावर बसून त्यांनी निकालाचा विचार केला. राक्षस, योग्य. विहीर, भीती वाटते पण भीती जिंकायला शिकवते, योग्य. भाषा स्वच्छ. राहता राहिला शेवट. तो कोणाला लागतो? मुलांनी तर टाळ्या वाजवल्या. लागला तो परीक्षकाला. उत्तर वाचून परीक्षकाच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून कोणी गुण कापतं का? नाही कापत. नानांनी स्वतःला तीनदा उलटसुलट विचारलं, अभिमन, नात यावी म्हणून तर तू पास करत नाहीस ना? तिन्ही वेळा उत्तर आलं, नाही, पिक्चर खरोखर चांगला आहे. मग त्यांनी फोन लावला.

"किरण, निकाल तयार आहे. योग्य आहे. सूनबाईंना सांग, निर्धास्त पाठवा. इथं धुळ्याला आठवडाभर आहे, मी नेतो तिला."

किरण अडखळला.

"नाना... अहो, तुम्ही धुळ्याला गेलात? एवढ्या उन्हात? मी सांगायला हवं होतं. काल पुनमच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता. तिच्या आईनं सगळ्या मुलींना तोच पिक्चर दाखवला. आम्हाला कळलं तेव्हा मुली आत जाऊन बसल्या होत्या. आता ती नाशिकला... म्हणजे क्लासची फी..."

"असं का," नाना म्हणाले. "बरं झालं. पोहणं चांगलंच असतं."

जळगावची गाडी लागली होती. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते. नाना बसूनच राहिले. तेवढ्यात फोनवर खडखड झाली आणि पुनमचा आवाज आला.

"नाना! तुम्ही पाहिला? पूर्ण?"

"पूर्ण. तुला आवडला का?"

"खूप! आम्ही सगळ्या एवढं हसलो ना. तुम्हाला कोण आवडलं?"

"ती मुलगी. धीट आहे."

"आणि गरुड?"

"तो जरा जास्त बोलतो."

पुनम खुदकन हसली. मग म्हणाली, "शेवटी मला कसंतरी झालं. पण मैत्रिणी टाळ्या वाजवत होत्या, म्हणून मीही वाजवल्या. तुम्ही कोणाबरोबर गेला होता?"

"थिएटर गच्च भरलं होतं गं. पाय ठेवायला जागा नव्हती."

"ते नाही. तुमच्या शेजारी कोण होतं?"

नाना खोटं बोलू शकले असते. नासीरभाईंचं नाव घेतलं असतं, बेबाबाईंचं घेतलं असतं, कोणाला कळणार होतं? पण समोर विद्यार्थी असताना ते त्यांना कधीच जमलं नव्हतं.

"शेजारी पिशवी होती," ते म्हणाले.

पलीकडं खट्ट आवाज झाला. नानांना वाटलं, फोन कटला. कान लावून ऐकलं, तर नव्हता कटला. पुनमनं तो कुठंतरी तसाच ठेवून दिला होता. मग फरशीवरून स्टूल ओढल्याचा आवाज आला. काहीतरी जड उंचावरून धप्पकन पडलं.

लांबून सूनबाईंचा आवाज आला, "पुनम! माळ्यावरची बॅग कशाला काढलीस? नाशिकला जायला अजून चार दिवस आहेत. आणि पिक्चर तर झाला ना बघून?"

"माझा झालाय," पुनम म्हणाली. "नानांचा माझ्याबरोबर व्हायचाय."

आणि तिनं बॅगची चेन सर्रकन उघडली.